कड काढलेला पाव

त्यांना सगळी गल्ली भट्टीमामा म्हणायची. चाळीस वर्षं बेकरीत भट्टीसमोर उभं राहिलेला माणूस, दुसरं काय म्हणणार? निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी अंगाचा भाजक्या पिठाचा वास काही गेला नव्हता. माणूस तसा दिलदार. पण हट्टी, आणि खाण्याच्या बाबतीत तर महाहट्टी. समोरच्याने एक पाव जास्त खाल्ला नाही तर यांना वाटायचं, आपलं काहीतरी चुकलं. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढचं सगळं रामायण त्यातूनच झालं.

मामांची लेक गुरांची डॉक्टर. शिकून बाहेर पडल्यावर वर्षभर एका मोठ्या गोठ्यावर नोकरीला होती. तिथून परत आली ती दूध, लोणी, अंडी सगळं सोडूनच. का सोडलं ते तिनं बापाला एकदा नीट बसून सांगितलं होतं: वासरं आईपासून कधी तोडतात, मग त्या गाई किती दिवस ओरडतात. मामा तेव्हा पीठ चाळत होते. ‘बरं बरं’ म्हणाले आणि चाळत राहिले. त्यांना वाटलं, पोरीचं खूळ आहे, जाईल.

खूळ गेलं नाही. तीन वर्षांपूर्वी ती तापानं आजारी पडून घरी आली, आठ दिवस अंथरुणात होती. मामांनी काय करावं? आठही दिवस तिच्या सूपमध्ये लोणी घातलं. पोरगी उठून हिंडायला लागल्यावर स्वयंपाकघरात बायकोला छाती फुगवून सांगितलं, की बघ, लोण्यानं उभी केली की नाही. मामी सरळ बाई. पोटात काही ठेवायची सवयच नाही. तिनं तासाभरात लेकीला सांगून टाकलं. लेक बापासमोर येऊन उभी राहिली तर हा एवढा मोठा माणूस मान खाली घालून म्हणतो कसा, ‘चुकून पडलं असेल.’ आठ दिवस चुकून! दुसऱ्या दिवशी सकाळी ती निघून गेली.

त्यानंतर या घरात तिनं अन्नाचा कण तोंडात घातला नाही. दोन वर्षांपूर्वी मामी गेली तेव्हा चार दिवस राहिली, बापाला धरून रडली, त्याची औषधं लावून दिली. पण जेवण स्वतःच्या डब्यातलं. मामांनी ते चार दिवस पाहिलं. तिनं पुन्हा एकदा आपल्या हातचं खावं, एवढीच त्या माणसाची इच्छा उरली होती. बाकी सगळं झालं होतं आयुष्यात.

अशात बुधवारी तिचा फोन आला. शनिवारी-रविवारी शहरात कसलंसं प्रशिक्षण होतं. रविवारी सकाळी अकराला येते म्हणाली, दोन तास आहेत, मग गाडी. खाण्याचं तिनं काढलं नाही, यांनी विचारलं नाही. फोन ठेवला आणि चप्पल न घालताच शेजारी सिस्टरकडे गेले.

सिस्टर म्हणजे शेजारच्या निवृत्त नर्सबाई. आख्खं हॉस्पिटल धाकात ठेवलेली बाई, मामा कुठल्या झाडाचा पाला? तिनं मोबाईल काढला, चष्मा लावला आणि हुकूम सोडला, की अकरा म्हणजे ना नाश्ता ना जेवण, ती वेळ ब्रंचची. आणि व्हीगन लोकांनासुद्धा फ्रेंच टोस्ट करता येतो, आत सारण भरलेला. मामा म्हणाले, अंडं नाही तर फ्रेंच टोस्ट कसला, नुसता ओला पाव. सिस्टरनं त्यांच्याकडे अशी काही नजर टाकली की ते गप्प बसून व्हिडिओ बघायला लागले. सोयाबीनचं दूध, त्यात थोडं हरभऱ्याचं पीठ, कुस्करलेलं केळं, दालचिनी. आत भरायला भिजवून वाटलेले काजू आणि शिजवलेलं सफरचंद. मामांनी तो व्हिडिओ सात वेळा पाहिला. सोयाबीनचं दूध काढतात कसं, हे मात्र त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही.

पण पावाच्या बाबतीत त्यांनी कुणाचंही ऐकलं नाही. दुकानातला पाव चालणार नाही, त्यात दुधाची पावडर असते. त्यांना माहीत नसेल तर कुणाला असणार? चाळीस वर्षं तेच घालत आले होते. पाव घरी करायचा, शनिवारी दुपारी भाजायचा. फ्रेंच टोस्टला पाव एक दिवसाचा शिळा लागतो, ताजा भिजवला की त्याचा लगदा होतो. मामांनी नवा तवा आणला, नवं उलथनं आणलं, नवा ब्रश आणला. लोण्याचा डबा उचलून सिस्टरच्या फ्रिजमध्ये नेऊन ठेवला. ओटा तीन वेळा धुतला. घरात दूध म्हणून उरलं ते फक्त चहापुरतं, एका वाटीत.

शनिवारी पीठ असं फुगलं की बोट लावलं तर हळूच वर यावं. साच्यात दुसऱ्यांदा फुगून वर आलं, ओव्हन तापला, आता वरून पाण्याचा हात फिरवायचा आणि आत ढकलायचं. पाण्याची वाटी तयार होती. तेवढ्यात फोन वाजला. लेक. मामांनी फोन कानाच्या आणि खांद्याच्या बेचक्यात धरला. ती म्हणाली, “बाबा, उद्या सकाळी मी काही खाऊन येत नाही हं. तुमच्याकडेच खाईन.”

मामांच्या डोळ्यांत पाणी आलं. हो हो, ये ये, भुकेलीच ये, असं काहीतरी ते बोलत राहिले, आणि हात आपलं काम करत राहिला. हाताला कुठं कळतंय कुणाचा फोन आहे? भाजायच्या आधी पावावरून दुधाचा ब्रश फिरवायचा, एवढं त्याला चाळीस वर्षांपासून ठाऊक. फोन संपला, पाव ओव्हनमध्ये गेला. भाजून आल्यावर मामांनी चष्मा न लावताच बुडाला टकटक करून भाजल्याचा पोकळ आवाज ऐकला, खूश झाले आणि फडक्यात गुंडाळून ठेवला. संध्याकाळी चहाला दूध कमी पडलं तेव्हा स्वतःच्याच विसराळूपणाला हसले आणि कोरा चहा प्यायले.

रविवारी सकाळी आठला फडकं सोडलं. चष्मा डोळ्यांवर होता. मामा पावाकडे बघत राहिले.

पाण्याचा हात फिरवलेल्या पावाची कड फिकट आणि कोरडी निघते. ही तांबूस होती आणि चकाकत होती. असे लाखभर पाव या माणसानं भट्टीतून काढले होते, त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. तरी त्यांनी बोट लावून पाहिलं, खिडकीपाशी नेऊन पाहिलं. मग काल कमी पडलेलं दूध आठवलं आणि ते मटकन खुर्चीत बसले. हे काय झालं आपल्या हातून? ज्या दिवशी नको, नेमकं त्याच दिवशी?

नवा पाव करायचा तर चार तास, आणि होणार ताजा. दुकानातल्या पावात पावडर. सिस्टरला बोलावलं. तिनं पाव उलटासुलटा पाहिला आणि विचारलं, की दूध वरच लागलंय ना, आत नाही ना? आत नाही, मामा म्हणाले. मग झालं तर.

“कड कापून टाका आणि गप्प बसा,” सिस्टर म्हणाली. “या वयात नसते घोळ घालू नका.”

मामांनी सुरी घेतली. चारी बाजूंची कड काढली, बोटभर आतपर्यंत काढली, भीतीपोटी जरा जास्तच. पाव कापसाच्या पांढऱ्या ठोकळ्यासारखा दिसायला लागला. आयुष्यभर कड कापणाऱ्या गिऱ्हाइकांना हा माणूस नावं ठेवत आला होता. जाड तुकडे केले, प्रत्येकाला एका बाजूनं चीर देऊन खिसा केला, आत काजू आणि सफरचंद भरलं. मिश्रणात बुडवून तव्यावर टाकलं तर पहिला चिकटला. दुसरा उलथताना फाटला, सारण सगळं तव्यावर. कडच नाही तर पाव धरून कशाला राहील? मामा घामाघूम झाले. मग आच मंद केली, तेल जरा वाढवलं, टोस्ट चिमट्यानं उभे धरून चारी बाजूंनी शेकले, आणि चार तुकडे असे जमले की सिस्टरसुद्धा वा म्हणाली आणि उठून आपल्या घरी गेली.

अकराला पाच कमी असताना लेक आली. वाळली होती. केस कापले होते. दारातच वास घेऊन म्हणाली, “अहाहा, दालचिनी!” तिनं नवा तवा पाहिला, सोयाबीनच्या दुधाचं खोकं पाहिलं, धुतलेला लखलखीत ओटा पाहिला. मग बापाच्या खांद्यावर क्षणभर हात ठेवला. मामांना वाटलं, आत्ताच सांगावं. मग वाटलं, बसू तर दे. ती बसली. मग वाटलं, वाढू तर दे. सांगायचं का, हाही प्रश्न होताच. कड तर केराच्या डब्यात गेली होती. कुणाच्या बापाला कळणार होतं?

ताटलीत दोन टोस्ट, वर सफरचंदाच्या फोडी. लेकीनं सुरीनं तुकडा केला, आतलं सारण पाहिलं, काट्यावर घेतला.

“यात काय काय घातलंय, बाबा?” तिनं विचारलं. आणि लगेच स्वतःच मान हलवून हसली. “जाऊ दे. नाही विचारत मी.”

काटा तोंडाकडे निघाला होता. तिनं खोदून विचारलं असतं तर मामा कदाचित खोटं बोलले असते. सोयाबीनचं दूध, केळं, दालचिनी, एवढंच सांगायचं जिभेवर तयार होतं. पण तिनं विचारायचं सोडून दिलं, आणि ते काही या माणसाला सोसलं नाही.

“थांब,” मामा म्हणाले. “पावाला वरून दूध लागलं होतं. मी कड कापली सगळी. पण लागलं होतं.”

तिनं काटा खाली ठेवला. मामा तिला सांगायला लागले की फोन आला, हात गेला, आपल्याला कळलंच नाही. सांगता सांगता त्यांच्या तोंडून तोच शब्द निघाला. चुकून. तीन वर्षांपूर्वीचा तोच शब्द, तोच आवाज, मानही तशीच खाली. दुसरा शब्द तरी कुठून आणणार? जे खरं घडलं त्याला तोच शब्द होता, आणि तो त्यांनी आधीच वापरून टाकला होता. मामांना स्वतःचीच शरम वाटली आणि ते मध्येच थांबले.

लेकीनं त्यांच्याकडे पाहिलं. मग म्हणाली, “माझा विश्वास आहे तुमच्यावर.”

मामांचा जीव भांड्यात पडला. सुटलो, त्यांना वाटलं. तीन वर्षं त्यांची समजूत एकच होती, की विश्वास बसला की पोरगी खाईल. ते तिच्या काट्याकडे बघत बसले. काटा काही उचलला गेला नाही.

“पण मला खाता येणार नाही, बाबा,” ती हळूच म्हणाली. “तुमच्यावर राग नाही. खरंच नाही. मला नाहीच येणार.”

मामा हो हो म्हणाले. लगबगीनं उठून केळी आणली. भांड्याच्या तळाशी सफरचंद उरलं होतं, ते वाटीत दिलं. तिनं ते खाल्लं, कोरी कॉफी प्यायली. मग दोघं खूप बोलली. त्यांच्या गुडघ्याबद्दल, सिस्टरच्या दादागिरीबद्दल, तिच्या दवाखान्यात नव्यानं आलेल्या लंगड्या बैलाबद्दल. आईचा विषय निघाला तेव्हा ती हसली आणि तिचे डोळेही भरले. इतकं चांगलं ती कितीतरी दिवसांत बोलली नव्हती. आणि सगळा वेळ ताटलीतले ते दोन टोस्ट दोघांच्या मध्ये गार होत होते. दोघंही त्यांच्याकडे बघत नव्हती.

पाऊण वाजता तिनं पिशवी उचलली. दारात वाकून बापाच्या चष्म्याची काच ओढणीनं पुसून दिली.

“पुढच्या महिन्यात परत येतेय,” ती म्हणाली. “तेव्हा आपण बाहेरच भेटू या. मला चालेल अशी एक चांगली जागा आहे, मी टेबल सांगून ठेवते. तुम्हाला कशाला एवढा खटाटोप?”

“हो,” मामा म्हणाले. “ते बरं पडेल.”

ती मनापासून म्हणत होती, मायेनं म्हणत होती. त्यात खोट काढायला जागाच नव्हती. ती खुशीत जिना उतरून गेली, आणि आख्ख्या वस्तीला चाळीस वर्षं खाऊ घातलेला तो माणूस, पोटच्या पोरीनं बाहेर खायला बोलावलंय याचा आनंद चेहऱ्यावर ठेवून, ती दिसेनाशी होईपर्यंत हात हलवत राहिला.