दोरीवरचं गाव

इस्त्रीकाकूंच्या दुकानात कपडे पूर्वीइतकेच होते, फक्त ते घालणारी माणसं गावात उरली नव्हती. शहरात जाताना जो तो सांगून गेला होता, "काकू, तेवढा कोट राहू दे, पुढच्या खेपेला नेतो." पुढची खेप काही आली नाही. काकू अधूनमधून ते कपडे झटकत, पुन्हा घडी घालत आणि मालकांचा यथेच्छ उद्धार करत.

मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांना इस्त्रीचं सोयरसुतक नव्हतं. "आता आम्हाला कोण बघतंय?" म्हणत शेजारचे तात्या चुरगळलेल्या शर्टात खुशाल हिंडत. दुकानाची मिळकत घटत घटत कोळशापुरती उरली होती.

मुलाचं काम सुटलेलं, त्यामुळे घर चालायचं सुनेच्या पगारावर. ती शहरातल्या एका लॉजवर कामाला होती, सकाळच्या बसने जायची, संध्याकाळच्या बसने यायची. आणि नेमकी ती बसच बंद करायचं घाटत होतं. गावात माणसं तरी किती राहतात, ते बघायला एसटीचे साहेब येणार होते.

"आई, बस गेली तर आम्हाला तिकडेच खोली बघावी लागेल," सून भांडी विसळताना म्हणाली.

"आम्हाला म्हणजे?"

"मला, ह्यांना आणि पोरीला. तुम्हीही चला की."

"त्या एवढ्याशा खोलीत मी उभी राहू की माझं इस्त्रीचं टेबल?"

उत्तर ठसक्यात दिलं खरं, पण काकूंनी झोपलेल्या नातीचं पांघरूण उगाच दोनदा सारखं केलं.

साहेब यायच्या दिवशी सून कामावर गेली आणि काकूंनी कपाट रिकामं केलं. बंद घरांच्या अंगणात दोऱ्या बांधल्या. एका दोरीवर कोट, दुसरीवर शर्ट, तिसरीवर फ्रॉक. नातीची जपून ठेवलेली दुपटी आणि झबली त्यांनी तात्यांच्या दोरीवर टाकली.

"अगं, माझं वय काय!" तात्या हादरले.

"गप्प बसा. विचारलं तर पाहुणे आलेत म्हणा."

साहेब आले. गल्लीतून सावकाश फिरले. तात्यांपाशी थांबले.

"बाळ कुणाचं?"

तात्या पाहुणे साफ विसरले. "आमचंच," म्हणाले, आणि लाजले.

साहेबांनी खोकल्याचं निमित्त करून तोंडावर रुमाल धरला. मग एका कोटाचं कापड चिमटीत धरून पाहिलं. "वस्ती बरी दिसतेय, काकू. आणि परिस्थिती तर उत्तमच आहे. एकाही दोरीवर जुनेरं नाही. असे कपडे घालणाऱ्यांच्या दारात स्वतःची गाडी असणारच. यांना बस कशाला हवी?"

काकूंनी कपाळावर हात मारला. इस्त्रीला कुणी फाटका बनियन देत नाही, हे आपल्या लक्षात कसं आलं नाही?

"साहेब, हे कपडे माझ्या कपाटातले आहेत," त्या म्हणाल्या. "माणसं कधीच गेली. जे उरले ते यांच्यासारखे," त्यांनी तात्यांकडे बोट दाखवलं, "आणि यांना बाळबिळ काही नाही."

"बरं झालं सांगितलंत," साहेब म्हणाले. "मी यांचं अभिनंदन करणार होतो."

मग काकूंनी त्यांना थांबवूनच घेतलं. म्हणाल्या, बस येऊ द्या, बसने कोण येतं ते डोळ्यांनी बघा, मग काय ते ठरवा.

संध्याकाळची बस आली. चार माणसं उतरली. शेवटची सून. तिची नजर थेट दोरीवर गेली.

"आई! माझा निळा ड्रेस त्या बंद घराच्या दोरीवर काय करतोय?"

"तुझ्याच बससाठी टांगलाय!"

"उन्हात? रंग उडाला म्हणजे?"

"उडू दे! तुम्ही उडून गेलात तर मी काय ड्रेस कवटाळून बसू?"

साहेब म्हणाले, "चार माणसांसाठी बस नाही ठेवता येणार, काकू. दहा जणांची छोटी गाडी मात्र लावता येईल, सकाळ-संध्याकाळ."

"वेळ हीच?" सुनेने पटकन विचारलं.

"हीच."

"सहा जागा रिकाम्याच जायच्या," तात्या म्हणाले.

काकूंनी सुनेकडे वळून विचारलं, "तुमच्या लॉजवर चादरींना इस्त्री कोण करतं गं?"

"कुणीच नाही. म्हणून तर गिऱ्हाइकं ओरडतात."

"उद्या मालकाला विचार. आणि साहेब, गाठोड्यांना तिकीट अर्धं लावा हं, ती काही खिडकीची जागा मागत नाहीत."