गडद काचेतून दिसलेले अकरा सेकंद

या सदरातले अनुभव मी बरीच वर्षं वाचत आलो आहे. आणि प्रामाणिकपणे सांगायचं, तर प्रत्येक अनुभव वाचून झाल्यावर त्यातली फट शोधत आलो आहे. दमलेले डोळे, आधीच मनात बसलेली भीती, दिव्याची चुकीची जागा... काही ना काही सापडतंच. एकतीस वर्षं कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवलं. त्यातही मुलांना आवडलं ते ‘प्रकाश’ हे प्रकरण. भुताखेतांची गोष्ट निघाली की शिक्षकांच्या खोलीत सगळे माझ्याकडे बघायचे आणि मी काही न बोलता चहा प्यायचो. बोलण्याचा स्वभाव नाही, पण विश्वासही नव्हता.

त्यामुळे आज त्याच रांगेत येऊन उभं राहताना संकोच वाटतो आहे. प्रयोगवहीच्या पलीकडे काही लिहिण्याची ही पहिलीच वेळ. चुकलं-माकलं सांभाळून घ्यावं.

आधी गाडीविषयी सांगायला हवं. आमच्या घरात गाडी सुनंदा चालवते— म्हणजे माझी पत्नी. अंबडच्या एका कारखान्यात ती तपासणी विभागात होती. मखमलाबाद रस्त्यावरच्या आमच्या घरून रोज स्वतः गाडी चालवत जायची. मी शेजारी बसायचो. गेल्या वर्षी तिच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली, डॉक्टरांनी काही महिने क्लचला पाय लावायचा नाही म्हणून सांगितलं, आणि वयाच्या साठाव्या वर्षी मी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं. वर्गात माझ्याखेरीज सगळी अठरा-एकोणीसची मुलं होती. त्यांतली दोघं माझ्या जुन्या विद्यार्थ्यांची मुलं निघाली.

परवाना मिळाला त्याच आठवड्यात सुनंदानं गाडीला पुढे आणि मागे कॅमेरे बसवून घेतले.

“कशाला?” मी विचारलं.

“तुम्ही कोणाला ठोकलंत तर पुरावा नको?”

“माझ्या बाजूनं की माझ्याविरुद्ध?”

“ते तुम्ही कसं ठोकता त्यावर आहे.”

पुढचा कॅमेरा पहिल्या दिवसापासून उत्तम चालला. मागच्याची मात्र पंचाईत झाली. नाशिकचं ऊन नको म्हणून सुनंदानं मागच्या काचेला आतून गडद फिल्म लावून घेतली होती, आणि कॅमेरा त्या फिल्मच्या आत. चित्रण बघावं तर मागच्या रस्त्याऐवजी आमच्याच गाडीतली सीट आणि माझ्या डोक्याची मागची बाजू दिसायची. कारण सोपं आहे. बाहेरून येणारा प्रकाश फिल्म अडवते, आणि आतला प्रकाश फिल्मवरून परत फिरून लेन्समध्ये शिरतो. आरशासमोर उभं राहून पलीकडच्या खोलीतलं बघू पाहण्यासारखं ते आहे. मी लेन्स काचेला अगदी चिकटवून पाहिली. कॅमेऱ्याभोवती काळ्या मखमलीची झालर शिवली. कॉलेजच्या जुन्या सामानातली ध्रुवण पट्टी, म्हणजे चकाकी अडवणारं पोलरॉइड, लेन्सवर बसवली. माझं डोकं दिसेनासं झालं, पण रस्ता काही दिसेना. नुसता काळोख.

कॅमेरा बसवणारे इरफानभाई म्हणाले, “सर, किती पण शास्त्र लावा, फिल्म आहे तोपर्यंत असंच. लेन्सपुरता गोल कापून टाकतो. दोन मिनिटांचं काम.”

सुनंदाला ते नवीन साडीला भोक पाडल्यासारखं वाटलं, आणि ते राहूनच गेलं.

मग दसरा आला. दसऱ्याला आमच्याकडे गाडीची पूजा होते. दरवर्षी सुनंदा बॉनेटवर स्वस्तिक काढते. या वर्षी गुडघ्यामुळे तिला वाकता येईना. पुढची काच ती म्हणाली नको, तुम्हाला आधीच कमी दिसतं. “मागच्या काचेवर काढते. तिथून तसंही कोणाला काही दिसत नाही.” ओल्या हळदी-कुंकवाचं तळहाताएवढं स्वस्तिक तिनं बाहेरून, बरोबर कॅमेऱ्यासमोर काढलं. मागच्या वायपरला झेंडूची माळ बांधली. पूजेचं कुंकू पुसायचं नसतं, आपोआप जाईल तेव्हा जातं— त्यामुळे ते तसंच राहिलं. हे सगळं तपशिलात सांगतो आहे, कारण पुढे त्याचा संबंध येतो.

निवृत्तीनंतर दर गुरुवारी मी पेठ तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत प्रयोग दाखवायला जातो. पूर्वी एसटीनं जायचो, आता गाडीनं. भिंगं, लोलक, मेणबत्त्या असा एक खोका सोबत असतो. दसऱ्यानंतरच्या गुरुवारी शाळेतून परत निघताना तिथले एक शिक्षक सहज म्हणाले, “सर, घाटात गाडीवर दगड आला तर थांबू नका हं. मागच्या महिन्यात दोघांना तसंच थांबवून लुटलं म्हणतात.” ‘म्हणतात’ हा शब्द मी एरवी सोडला नसता. त्या दिवशी सोडला.

दुपारचे दोन वाजून गेले होते. सावळघाटातल्या एका अवघड वळणावर मी दुसऱ्या गियरमध्ये, दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरून गाडी वळवत होतो. रस्त्यावर पुढे-मागे कोणी नव्हतं. आणि मागे काहीतरी धाडकन आदळलं.

आरशात पाहिलं. गडद काच, त्यावर झेंडूचा केशरी डाग. बाकी काही नाही.

मी थांबलो नाही.

हे वाक्य लिहायला मला बराच वेळ लागला. मी थांबलो नाही, उतरलो नाही, काच खाली करून मागेही पाहिलं नाही. घाट संपेपर्यंत भीती लुटणाऱ्यांची होती आणि घाट संपल्यावर त्याहून मोठी भीती बसली, कारण आता मनात वेगळाच प्रश्न आला होता— दगडच होता ना? की वळताना गाडीची मागची बाजू कोणाला लागली?

घरी पोचल्यावर सुनंदानं काठी टेकत येऊन गाडीची मागची बाजू पाहिली. काचेच्या खाली पत्र्याला सुपारीएवढा पोचा आला होता.

“दगड आहे,” ती म्हणाली. लोखंडावरच्या खुणा ओळखण्यात तिचा हात कोणी धरणार नाही. “माणूस असा लागत नाही. तुम्ही काय रिव्हर्समध्ये घाट चढत होतात?”

“पण समजा—”

“समजा काय समजा. जेवून घ्या.”

मला जेवण गेलं नाही. ताट तसंच ठेवून मी मागच्या कॅमेऱ्याचं कार्ड काढलं आणि लॅपटॉपला लावलं. त्यात काही दिसणार नाही हे मला ठाऊक होतं. पण निदान आवाज ऐकता येईल असं वाटलं. पडद्यावर नेहमीचा काळोख, आणि त्यात स्वस्तिकाची उलटी, त्याहून काळी आकृती. कडेला माळेची हलणारी सावली. दोन वाजून सतरा मिनिटांनी तो आदळल्याचा आवाज आला.

आणि काळोख निवळला.

दुसरा शब्द मला सुचत नाही. ढवळलेल्या पाण्यातला गाळ खाली बसावा, तसं चित्र स्वच्छ झालं. फिल्मची छटा नाही, स्वस्तिक नाही, माळ नाही. करवीची झुडपं, त्यांच्या पानांवरची धूळसुद्धा. पिवळ्या डोक्याचा किलोमीटरचा दगड, त्यावरचा आकडा वाचता येत होता. एका टोकाला ढासळलेला कठडा. आणि कठड्याच्या पलीकडे, खाली उतारावर, विस्कटलेल्या गवताच्या भाऱ्याशेजारी एक म्हातारी बाई. हिरवं लुगडं. एक पाय विचित्र वळलेला, आणि एक हात वर.

अकरा सेकंद. मग पुन्हा काळोख, पुन्हा स्वस्तिक.

मी सुनंदाला हाक मारली. तिनं एकदा पाहिलं, पुन्हा पाहिलं. मग बाहेर गाडीपाशी जाऊन आली.

“काच कोणी पुसलेली नाही,” ती म्हणाली. “स्वस्तिक जसंच्या तसं आहे.” आणि लगेच, “चपला घाला. मी येते सोबत.”

“तुझा गुडघा—”

“गुडघा बसूनच येणार आहे. चला.”

घाटात पोचलो तेव्हा साडेचार वाजून गेले होते. आकड्यावरून दगड सापडला, ढासळलेला कठडा सापडला. गाडी कडेला लावून मी उतरलो आणि रस्त्यावरून खाली पाहिलं. काहीही नव्हतं. उतार इतका सरळ खाली जात होता की झुडपांच्या शेंड्यांपलीकडे फक्त समोरचा डोंगर दिसत होता. आपण स्वतःच्या भीतीलाच व्हिडिओ समजलो की काय, असं वाटलं.

“हाक मारा,” सुनंदा गाडीतून म्हणाली.

“काय हाक मारू?”

“अहो, काहीही मारा. वर्गात हजेरी घेत होतात ना?”

मी आयुष्यात पहिल्यांदा रस्त्यावर ओरडलो. आणि खालून बारीक आवाज आला, “हाय... हितं हाय.”

कठड्यावरून पोटावर झोपून वाकलो, तेव्हा कुठे पंधरा-वीस फूट खाली हिरवं लुगडं दिसलं. पेठकडे निघालेले दोन मोटारसायकलवाले थांबले. त्यांनी आणि मी— खरं म्हणजे त्यांनीच— तिला वर आणलं. नाव सोनीबाई. सकाळी गवत कापताना पाय घसरला होता. घोट्याचं हाड मोडलं होतं, ओठ सुकले होते. सुनंदानं तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि झाकणानं थोडं थोडं पाणी पाजलं.

“घरी कोणी शोधत असेल ना?”

“कोन शोधंल बाय? सून समजली आसंल लेकीकडं गेले. दोन दिस कोन इचारीत नाय.” मग तिनं माझ्याकडे पाहिलं. “लय गाड्या गेल्या. वरडून घसा बसला. मंग दगडं मारली. पाच-सा मारली, येकच लागला. तुला लागला व्हय?”

मी मानेनंच हो म्हटलं.

“म्हनून आला,” ती म्हणाली, आणि डोळे मिटून घेतले. तिच्या दृष्टीनं हिशोब पूर्ण झाला होता.

पेठच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, या वयात, या अवस्थेत, त्या उतारावर रात्र निघाली नसती. सून धावत आली, रडली, सुनंदाच्या पाया पडू लागली. सुनंदा म्हणाली, “माझ्या पाया पडू नको गं, तुला उठवायला वाकले तर मला उठवायला परत दोघं लागतील.” तेव्हा कुठे सगळे हसले.

आता स्पष्टीकरणाकडे येतो, कारण मी ते टाळलेलं नाही.

ऊन एका विशिष्ट कोनात आलं तर फिल्ममधून क्षणभर जास्त दिसू शकतं, हे मान्य. धक्क्यानं कॅमेऱ्याची उजेड घेण्याची पातळी बदलली असेल, हेही मान्य. पण कोणत्याही कोनातलं ऊन काचेवरचं कुंकू नाहीसं करत नाही. मी ते चित्रण इरफानभाईंना दाखवलं. त्यांनी ते तीनदा पाहिलं.

“कापलीत ना शेवटी फिल्म?”

“नाही.”

ते उठून गाडीपाशी गेले, काचेवरून बोट फिरवलं आणि परत आले. “मग सर, हे या कॅमेऱ्याचं नाही.” पण फाईल त्याच कार्डावरची, तीच वेळ, मागची-पुढची मिनिटं काळी. नंतर त्यांनीच हळू आवाजात विचारलं, “बाई वाचली ना?” वाचली म्हटल्यावर त्यांनी कार्ड दोन्ही हातांनी परत दिलं.

शेवटी सुनंदानंच सांगितलं म्हणून लेन्सपुरती फिल्म गोल कापून घेतली. स्वस्तिक तोवर पावसानं गेलं होतं. आता मागचं चित्रण सुरेख येतं. कोणाला हवं असेल तर हाच उपाय करावा, बाकीचे माझ्यासारखे खटाटोप करू नयेत. पुढच्या गुरुवारी मी त्याच वळणावरून, त्याच गियरमध्ये, त्याच वेळी गाडी काढली आणि घरी येऊन पाहिलं. किलोमीटरचा दगड दिसला, करवी दिसली, कठडा दिसला. कठड्याच्या पलीकडे फक्त आकाश. उतार त्या उंचीवरून दिसतच नाही. मी वहीत आकृती काढून, रेषा आखून पाहिलं. स्वच्छ काचेतूनही दिसत नाही. मग गडद काचेतून काय दिसलं, कसं दिसलं— उत्तर माझ्याकडे नाही. विद्यार्थ्यानं असं उत्तर लिहिलं असतं तर मी गुण दिले नसते.

सोनीबाई आता काठी घेऊन चालते. दर गुरुवारी शाळेत जाताना मी तिच्या दारात पाच मिनिटं थांबतो. सुनंदा आता तिच्यासाठी काठीचं रबरी बूड, गुडघ्याचं तेल असं काहीबाही पाठवते, आणि ती मला नागलीची भाकरी फडक्यात बांधून देते. बरेच गुरुवार माझ्या मनात एक गोष्ट अडकून होती. घरोघर ती सांगायची, दगड लागला तसा मास्तर थांबला. मागच्या महिन्यात मी धीर करून सांगून टाकलं.

“सोनीबाई, मी तेव्हा थांबलो नव्हतो. पळून गेलो होतो. घरी गेलो आणि मग आलो.”

ती भाकरी बांधत होती. हात थांबले नाहीत.

“मंग?” ती म्हणाली. “आला ना तू.”

व्हिडिओविषयी मी तिला काही सांगितलेलं नाही. तिला त्याची गरज नाही. गरज मला होती, आणि ती कोणीतरी अकरा सेकंदांपुरती भागवली. कोणी, हे कळलं तर आभार मानायचे आहेत. पत्र्यावरचा तो पोचा मात्र मी काढून घेतलेला नाही. गाडी धुताना त्यावरून हात फिरतो, आणि घाटात काही आवाज झाला की मी थांबतो, उतरतो, कठड्यापाशी जाऊन खाली वाकून पाहतो.