काटेवाल्यांचं वजन

काटेवाल्यांना अन्ननलिकेचा कॅन्सर झाला तेव्हा बाजारात पुष्कळांना वाईट वाटलं आणि काहींना अजिबात वाटलं नाही. ज्यांना वाटलं नाही त्यांचे काटे या माणसानं कधी ना कधी भर गिऱ्हाइकांसमोर खोटे ठरवले होते. वजनकाटे दुरुस्त करायचे आणि उरलेल्या वेळात लोकांची मापं काढायची, हाच त्यांचा जन्मभराचा धंदा.

आजारपणात जीभ जरा मवाळ होईल असं घरच्यांना वाटलं होतं. कसलं काय! त्यांना सगळ्यात जास्त चीड यायची ती आशेची. धाकटा भाऊ रोज संध्याकाळी हसत हसत यायचा. "दादा, आज चेहरा टवटवीत दिसतोय हं! तू फक्त मनात आण."

"मनात आणून घास उतरला असता तर पहिल्यांदा तुला गिळला असता."

भाऊ तरी हसायचा. पेशंटवर उलट चिडायचं नाही, असं त्यानं कुठेतरी वाचलं होतं. त्या समजूतदारपणानं तर काटेवाल्यांच्या अंगाची लाही लाही व्हायची.

त्यांचा विश्वास एकाच वस्तूवर होता: घराच्या पुढच्या खोलीतल्या दुकानातला त्यांचा स्वतःचा काटा. डॉक्टरांनी बजावलं होतं की वजन टिकलं तरच पुढची केमो. उतरलं, तर आधी पोटात नळी बसवून त्यातून अन्न द्यावं लागेल. नळीचं नाव काढलं की काटेवाले उसळायचे, "मी काय पाण्याची टाकी आहे?" रोज सकाळी ते काट्यावर उभे राहायचे. आकडा जागेवर दिसला की शिव्या घालत का होईना, वाटीतलं पातळ खाणं घोट घोट घशाखाली ढकलायचे. सुरुवातीला एकदा आकडा घसरला, तेव्हा दिवसभर वाटीला हात लावला नव्हता. नंतर मात्र आकडा हलला नाही.

आणि मग केमोच्या दिवशी हॉस्पिटलातल्या नर्सनं त्यांना वजनाला उभं केलं.

"एकोणपन्नास."

"चौपन्न," काटेवाले म्हणाले.

"एकोणपन्नासच आहे, काका."

"मी तुझा काका नाही. आणि तुमचा हा काटा खोटा आहे."

बाकावरचे सगळे पेशंट माना वर करून बघायला लागले. डॉक्टर बाहेर आले, शांतपणे म्हणाले, "सोमवारी नळी बसवून घ्या. नाहीतर केमो देता येणार नाही."

"या भंगारावर विश्वास ठेवून पोटाला भोक पाडून घेऊ? नाही बसवत जा!"

"सगळं छान होणार आहे, दादा," भाऊ मध्येच बोलला, तेव्हा नर्ससुद्धा त्याच्यावर खेकसली. बायको दाराशी उभी होती. एरवी नवऱ्याला आवरणारी ती बाई त्या दिवशी अवाक्षर बोलली नाही.

घरी येताच काटेवाल्यांनी दुकानातली तपासणीची वजनं काढली. आपला काटा खरा आहे हे सिद्ध करून उद्या त्या डॉक्टरच्या तोंडावर मारायचं, एवढंच डोक्यात. धापा टाकत पाच-पाच किलोंची चार वजनं त्यांनी काट्यावर ठेवली.

बावीसच्या वर आकडा आला.

वजनं उतरवली, पुन्हा ठेवली. पुन्हा तेच. असला इलेक्ट्रॉनिक काटा लावताना त्यावर एक वजन ठेवून ते किती आहे हे त्याला सांगावं लागतं. खोटं सांगितलं की तो पुढे खोटंच मोजतो. हे जमणारी माणसं घरात दोनच होती: ते स्वतः आणि दुकानात त्यांच्या हाताखाली शिकलेली बायको. भावाला तर दिवासुद्धा बदलता येत नव्हता.

"वीस सांगून किती ठेवलंस?" त्यांनी मागे न बघता विचारलं.

"आधी एकोणीस," बायको म्हणाली. "मग अठरा."

"जन्मभर लोकांचे खोटे काटे पकडले मी! आणि माझ्या घरात?"

"आकडा उतरला की वाटी सरकवता तुम्ही. मग काय करू? मला तुम्ही हवे होता. काटा खरा कशाला हवा होता?"

"तुझ्या खोट्यापायी नळी नको म्हणून आलो ना मी! मेलो असतो! तिथे तोंड शिवलं होतं तुझं?"

"चार लोकांत तुमचा काटा खोटा आहे असं मी सांगायचं?" तिला रडू फुटलं. "घरी येऊन सांगणारच होते."

काटेवाल्यांनी काटा नीट केला, वजनं ठेवून तपासला, स्वतः उभे राहिले. एकोणपन्नास. मग तिच्यावर ओरडले, "आता तू उभी राहा. खरा काटा कसा असतो ते बघ."

तिचं वजन त्यांना तोंडपाठ होतं. कित्येक काटे त्यांनी तिला उभं करून तपासले होते. आकड्यात आठ किलो कमी होते. आपलंच काहीतरी चुकलं असं वाटून त्यांनी तिला उतरवलं, वीस किलो ठेवले. बरोबर वीस. मग त्यांनी तिच्याकडे पाहिलं. कितीतरी दिवसांत पाहिलं नव्हतं. अंगावर कपडे लोंबत होते.

"जेवत नाहीस?"

"तुमच्यासमोर घास उतरत नाही."

"आणि मी समोर नसताना?"

"तेव्हाही नाही."

 काटेवाल्यांचा राग तर होताच, पण तो टाकावा कुणावर हे कळेना.

"हॉस्पिटलात फोन लाव," ते शेवटी म्हणाले. "सोमवारी येतोय म्हणावं, नळी बसवायला. आणि ताट वाढून घे. इथे, माझ्यासमोर बस."

"आत्ता?"

"आत्ता."

ताट घेऊन ती खाली बसली. पहिला घास तिनं बराच वेळ तोंडात घोळवला. तो खाली उतरेपर्यंत काटेवाले तिच्या गळ्याकडे बघत होते, आणि मग दरडावून म्हणाले, "पुढचा."