अठरावी गाडी

दहा वर्षांची असताना माझ्या मालकीच्या सतरा मोटारी होत्या. हसू नका, खरंच सांगते. दोन अँबेसेडर, एक हिरवट फियाट, तीन जीपगाड्या, आणि अकोटच्या कुण्या कापूसवाल्याची ती लांबलचक गाडी, जिच्या मागच्या काचेला पडदे होते. बाकीच्या आता आठवत नाहीत, तेव्हा मात्र झोपेतून उठवून विचारलं असतं तरी रंगासकट सांगितल्या असत्या. पैसे किती लागतील हा प्रश्नच नव्हता. बाबांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, "पैशाचं तू नको पाहू माय. कुबेराची तिजोरी आपल्याच घरी हाय असं समज. पसंत पडली की घे."

बाबा अमरावतीत एका वकीलसाहेबांकडे ड्रायव्हर होते. साहेबांची काळी लँडमास्टर मोटार होती, तिला बंगल्याच्या आवारात गाडीखाना होता, आणि गाडीखान्याच्या पाठीमागच्या खोलीत आम्ही तिघं राहायचो. भिंत एकच. गाडी सुरू झाली की आमची भांडी थरथरायची.

त्या उन्हाळ्यात बाबांनी हा खेळ काढला. दुपारी साहेब झोपले की आम्ही दोघं फाटकापाशी बसायचो. रस्त्याच्या वळणावर चिंचेचं मोठं झाड होतं. नियम असा, की गाडी चिंचेच्या अलीकडे यायच्या आत ती कोणती, कोणत्या रंगाची, हे सांगायचं. सांगितलं तर ती आपल्या गाडीखान्यात जमा. अलीकडे आल्यावर ओळखली तर काही नाही. "जवळची तर कोनीबी ओळखते," बाबा म्हणायचे. "दुरून ओळखशीन तर तुही."

बाबा स्वतः मात्र डोळे मिटून ओळखायचे. गाडी दिसायच्याही आधी, नुसत्या आवाजावरून. मला वाटायचं, काय हुशार आहेत माझे बाबा! शाळेत सांगत फिरायचे मी.

पाऊस सुरू झाला तसे बाबा मला साहेबांबरोबर अकोल्यालाही न्यायला लागले. साहेबांची महिन्यातून दोन-तीनदा तिथल्या कोर्टात कामं असायची. माझी मावशी अकोल्याला राहायची, तेवढं निमित्त पुरे झालं. मी पुढे बाबांच्या शेजारी, साहेब मागे कागद पसरून. बडनेरा ओलांडलं की खेळ सुरू.

"काय येऊन राहिलं व माय?"

"ट्रक. लाल तोंडाचा."

"घ्यायचा?"

"घ्या!"

मागून साहेब हसायचे. "काय ड्रायव्हर, पोरीचा गाडीखाना भरला का नाही अजून?"

"भरून राहिला साहेब."

मग हळूहळू नियम बदलले. एक दिवस बाबा म्हणाले, सायकलवालाही सांगत जा. मग म्हणाले, म्हशी. मग म्हणाले, बंड्या. मला राग आला. कुबेराची तिजोरी घरी असताना बैलबंडी कशाला घ्यायची? मी तसं विचारलंही.

"काहून? श्रीमंताले बंडी लागत नाई का?" बाबा म्हणाले. "सारं सांगत जाय. मोटारी तुह्या, बंड्या माह्या."

तेव्हा मी खूश झाले.

माझ्या पेटीच्या झाकणाला आतून एक चित्र चिकटवलेलं होतं. साहेबांच्या रद्दीतल्या इंग्रजी अंकात सापडलेली लाल इम्पाला. अमरावतीच्या रस्त्यावर ती येणार नाही हे मला कळत होतं. पण सतरा गाड्या झाल्या तरी ती नव्हती, आणि ती नसताना सतरा म्हणजे काहीच नाही असं मला वाटायला लागलं होतं.

दसरा होऊन गेला होता. अकोल्याहून परत येत होतो. मूर्तिजापूर मागे पडलं, ऊन पाठीमागून येत होतं, आणि कापसाच्या बंड्या एकामागून एक सरकी काढायच्या जिनांकडे निघाल्या होत्या. मी एकेक सांगत होते. "बंडी, डावीकडे. अजून एक. तिसरीचा बैल मधे आला." बाबा गाडी अलगद काढत होते. साहेब मागे मान टाकून झोपले होते. मग बंड्या संपल्या. समोर सरळ रस्ता, दोन्हीकडे बाभळी, दूरपर्यंत चिटपाखरू नाही.

मला काय वाटलं कोण जाणे. मी म्हणाले, "बाबा! इम्पाला!"

"कोनती?"

"लाल. भली मोठी. मधूनच येऊन राहिली."

"आवाज तर नाई येत तिचा."

"मोठ्या गाडीला आवाज नसतो बाबा."

"हो," ते म्हणाले. "मोठ्या गाडीचं इंजिन मऊ असते."

मला वाटलं, आता हसतील. टपली मारतील, लबाड म्हणतील. त्यांनी गिअर बदलला, लँडमास्टर डावीकडे मातीत उतरवली आणि थांबवली. दोन्ही हात स्टिअरिंगवर. मान सरळ, डोळे उघडे, रिकाम्या रस्त्याकडे. मी एकदा त्यांच्याकडे पाहत होते, एकदा रस्त्याकडे. रस्त्यावर आमच्याच गाडीची धूळ खाली बसत होती.

थोड्या वेळानं बाबांनी अगदी हळू विचारलं, "गेली काय?"

मी रिकाम्या रस्त्याकडे पाहिलं.

"गेली," मी म्हणाले.

"मंग झाल्या अठरा," म्हणाले, आणि गाडी पुन्हा रस्त्यावर घेतली. अमरावती येईपर्यंत मी प्रत्येक कुत्रं, प्रत्येक दगड मोठ्यानं सांगितला. साहेब जागे झाले तेव्हा म्हणाले, "आज ही पोर फारच बडबडते आहे."

घरी आल्यावर आईला सांगितलं, बाबांना दिसत नाही. ती भाकरी थापत होती. हात थांबला नाही तिचा.

"तुले आज समजलं?" ती म्हणाली. "मले पोळ्यापासून ठाऊक हाय."

"मग सांगत का नाहीस कुणाला?"

"खोली गाडीसोबत हाय. गाडी गेली तं खोली गेली. तू फक्त त्यायच्या बाजूले बसत जाय, आन डोये उघडे ठेव."

त्या दिवसापासून मी बाबांना पाहायला लागले. ते गाडीच्या दारातलं किल्लीचं भोक बोटानं चाचपून मग किल्ली घालायचे. पायरीवर आधी टाच टेकवायचे. अकोल्याचा रस्ता त्यांना पाठ होता. कुठे पूल, कुठे खड्डा, कुठे उतार, सगळं अंगात होतं. आणि जे पाठ नव्हतं ते मी सांगत होते. एका दहा वर्षांच्या पोरीच्या तोंडच्या शब्दांवर ती गाडी चालली होती, आणि मागे बसलेल्या माणसाला पत्ता नव्हता.

दिवाळी झाली आणि बंगल्यात कौंडण्यपूरच्या यात्रेला जायचं ठरलं. साहेब, बाईसाहेब, साहेबांच्या आई आणि दोन्ही लहान मुली. तो रस्ता बाबांना पाठ नव्हता. यात्रेच्या बंड्या, पायी चालणारी माणसं, आणि रस्ता संपतो तिथे थेट वर्धा नदी. सकाळी सगळे अंगणात तयार होऊन उभे. बाबा म्हणाले, "पोरीले पायाशी बसवून घेतो साहेब."

साहेब म्हणाले, "अरे, जागा कुठे आहे? आज राहू दे तिला."

"एवढीशीच तं हाय ती."

बाईसाहेब हसल्या. "काय हो ड्रायव्हर, गाडी तुम्ही चालवता की तुमची पोर चालवते?"

सगळे हसले. बाबा हसले नाहीत. खोलीच्या दारात आई उभी होती, तिनं माझ्याकडे पाहिलं. ती नजर म्हणत होती, गप राहा. मुली मागच्या सीटवर चढून उड्या मारत होत्या. धाकटीनं नवं परकर-पोलकं घातलं होतं, आणि काचेवर नाक दाबून ती मला वेडावून दाखवत होती.

समोरच्या घरी एक डॉक्टर रोज सकाळी म्हाताऱ्याला तपासायला यायचे. त्यांची करडी फियाट आमच्या फाटकासमोर, लिंबाखाली उभी असायची. त्या दिवशी डॉक्टर आले नव्हते. त्याच जागी कुणाची तरी बैल सोडलेली बंडी उभी होती, वर कडबा रचलेला.

मी मोठ्यानं विचारलं, "बाबा, लिंबाखाली कोणती गाडी आहे?"

बाबांनी तोंड फाटकाकडे वळवलं. मी कधीच त्यांना असं अंगणात, सगळ्यांसमोर विचारलं नव्हतं. मुलींना आमचा खेळ माहीत होता. त्या ओरडल्या, "सांगा ना ड्रायव्हरकाका, सांगा!"

बाबा ऐकत राहिले. उभ्या बंडीचा कसला आवाज?

"डॉक्टरसाहेबाची फियाट," ते म्हणाले.

"हरले! काका हरले!" धाकटी टाळ्या पिटत ओरडली. "अहो, ती तर बंडी आहे!"

बाईसाहेबही हसल्या. साहेब हसता हसता थांबले. ते फाटकापर्यंत गेले, बंडीकडे पाहिलं, परत आले आणि बाबांच्या अगदी समोर उभे राहिले.

"कधीपासून, ड्रायव्हर?"

"पोळ्याच्या आधीपासून साहेब."

"आणि अकोला? इतक्या वेळा?"

"पोरगी सांगे."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. रागावले नाहीत. ओट्याच्या पायरीवर बसले आणि कपाळ पुसत राहिले. बाईसाहेबांनी एकेका मुलीला दंडाला धरून खाली ओढलं, जणू गाडीला आग लागली होती. बाबांनी खिशातून किल्ली काढली, हातानं बॉनेट शोधलं आणि त्याच्यावर ठेवली.

त्या आठवड्यातच आम्ही मावशीकडे निघालो. साहेबांनी बाबांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे स्वतः नेलं होतं, नाही म्हणायला नको. डॉक्टरांनी सांगितलं, आतला दिवाच विझत चालला आहे, चष्म्यानं होणार नाही. आई माझ्याशी बोलत नव्हती. बोचकी घेऊन आम्ही एसटी स्टँडवर बसलो होतो, आई तिकिटाच्या रांगेत गेली, तेव्हा बाबा म्हणाले, "माय, किती झाल्या आपल्या गाडीखान्यात?"

"सतरा."

"अठरा ना? ते लाल वाली?"

मी रडायला लागले. "ती आलीच नव्हती बाबा."

"मले मालूम होतं," ते म्हणाले. "थोडासा तरी आवाज आला असता."

"मग 'गेली काय' असं काहून विचारलं?"

"तू खरं सांगतं का नाई, ते पाहून राहिलो होतो. तू 'गेली' म्हनलं, तवाच मले समजलं, आता गाडी चालवनं सरलं. तरीबी चालवलीच ना मी, आनखी तीन खेपा."

एसटी लागली. मी बाबांचा हात धरून पायऱ्या सांगितल्या. ते खिडकीशी बसले आणि बडनेरा यायच्या आतच झोपले. आई पलीकडे तोंड करून बसली होती. मी मात्र अकोल्यापर्यंत ड्रायव्हरच्या मानेकडे पाहत होते. समोरून बंडी आली की तो गाडी बाजूला घेतो का, आणि किती उशिरा घेतो.