उरवलेल्या चिंध्या
आमची धाकटी जाऊ तेव्हा शिंप्याच्या दुकानात शिवायची. तिच्या घरी भाजीचे देठसुद्धा सुपात जायचे आणि सूप, खरं सांगते, फक्कड व्हायचं. थोरल्या जाऊबाईंच्या मुलीच्या वाढदिवसाला तिनं तुकडे जोडून पांघरूण शिवून आणलं. पाहुण्यांसमोर थोरली म्हणाली, "अगं बाई, उरलेल्या चिंध्या?"

धाकटीच्या लेकीनं शरमेनं मान खाली घातली. आईनं नाही घातली.

"उरलेल्या नाहीत वहिनी, उरवलेल्या. बेतून कापलं तरच उरतं. उधळणाऱ्याकडे चिंधीही उरत नाही. नको असेल तर आणा इकडे. थंडी आम्हालाही वाजते."

वाढदिवसाची पोर पांघरूण सोडेना. तशी धाकटीची लेक मान वर करून ठसक्यात म्हणाली, "त्यातला निळा तुकडा माझ्या फ्रॉकचा आहे हं. जपून वापर!"