लाल गाडी कुठल्या गटात घालायची?

गॅरेजमध्ये दोन गोष्टी साठतात, भंगार आणि किस्से. भंगारवाला महिन्याला येऊन भंगार उचलतो. किस्से कुणी नेत नाही. शहापूर-मुरबाड रस्त्यावरच्या माझ्या गॅरेजात चाळीस वर्षांचे पडून आहेत. आज फक्त लाल गाडीचे काढते. ते ताजे आहेत, अजून गंज धरलेला नाही.

गाडी माझ्या भाच्याची, जगनची. जगन भातसानगरला धरणावर कामाला. मुंबईतल्या कुणाची तरी पुरात बुडालेली स्पोर्ट्स कार त्याने टेम्पोवर घालून आणली. दोनच सीटा, वर टप नाही, बसायचं म्हणजे जमिनीवरच बसायचं! माझा वेल्डर बारकू तिच्याभोवती एक चक्कर मारून म्हणाला, "आत्या, ही गाडी हाय का चप्पल?"

दीड वर्ष आम्ही तिघांनी तिच्यातला गाळ काढला. चालू झाली त्या दिवशी जगन रडला. मग त्याच्या डोक्यात रेस शिरली.

घाटावर, नाशिकच्या बाजूला एक खासगी ट्रॅक आहे. वर्षातून एकदा तिथे हौशी लोक गाड्या पळवतात. फॉर्मवर एकच गोष्ट नीट लिहायची असते, गाडी कुठल्या गटात. आमचा सगळा तमाशा त्या एका रकान्याचा.

पहिल्या वर्षी सल्ला दिला धोंडूनानांनी. नाना मुरबाडचे, बैलगाडा शर्यतीतले जुने पंच. म्हणाले, "ओपनमधी घाल. खालच्या गटात पळतो त्याला गावात कोन चहा इचारत नाय."

जगनने ओपन लिहिलं. तिथे जाऊन बघतो तर काय, ज्या गाड्या दुसऱ्या कुठल्याच गटात मावत नाहीत अशा राक्षसांचा तो गट! नऊ गाड्या. जगन नववा. आठव्याने हेल्मेट काढलं, तोंड धुतलं, चहा घेतला, मग आमचे चिरंजीव आले.

गावचे तीस जण टेम्पो करून आलेले, सोबत गोणीभर गुलाल. गोणीचं तोंड बांधलेलंच. शेवटी नानाच म्हणाले, "आनलाय तर उधळा. परत कोन वाहील?"

मग काय, जगन नखशिखांत लाल! जो खरा पहिला आला होता तो आमच्यापाशी आला आणि जगनचा हात हातात घेऊन म्हणाला, "बधाई हो भाई, कौन सा क्लास जीता?"

जगनची बायको नंदा तेव्हा हसली नव्हती. पुढच्या वर्षीचा फॉर्म घरात आला त्या दिवशी तिने टेप घेऊन गाडीची शेड मोजली.

"काय करतेस गो?" जगनने विचारलं.

"यंदा शेवटचे आलात तर गाडी भंगारवाल्याला, अन् शेडमधी माज्या शेळ्या."

"अन् नाय आलो तर?"

"तर शेळ्या पडवीत. मी एक शब्द बोलनार नाय."

नंदा बोलली की बोलली. जगन त्या दिवशी जेवला नाही.

मग गट शोधायला सगळे माझ्या गॅरेजात बसले. नाना म्हणाले, "बैलाचा गट दातावरून ठरतो. दुधाचे दात तो आदत, दोन दात तो दुसा, चार तो चौसा. हिचे दात दाखवा."

जगनने बॉनेट उघडलं. नानांनी चष्मा लावला, वाकून चार स्पार्क प्लग मोजले आणि गाडीच्या पाठीवर थाप मारली. "चौसा!"

बारकू म्हणाला, "नाना, त्या पलीकडच्या रिक्षाला एकच हाय."

नानांनी रिक्षाकडे मायेने बघितलं. "वासरू हाय अजून."

नियमांचं पुस्तक इंग्रजीत. जगन दुसऱ्या पानावर झोपला. मी शाळेचं तोंड बघितलेलं नाही. स्पेअर पार्ट ज्या कागदात गुंडाळून येत ते वाचत मराठी शिकले, आणि डब्यांवरचं वाचत इंग्रजी. 'गॅस्केट' मला आधी वाचता आलं, 'गुड मॉर्निंग' मागून. तीन दुपारी भिंग घेऊन मी ते पुस्तक संपवलं. कुणाला एक शब्द विचारला नाही!

त्यात एक गट निघाला नवशिक्यांचा, ज्यांनी कधीच रेस केली नाही त्यांचा. जगन बाद, तो एकदा नववा येऊन बसलेला. बारकूचे डोळे चमकले. "आत्या, तुमी तर कदीच रेस नाय केली! तुमी नवशिक्या!"

या रस्त्यावरच्या निम्म्या ड्रायव्हरांना क्लच कसा सोडायचा ते मी शिकवलंय. मी हातातला पाना खाली ठेवला. म्हटलं, "बारकू, परत बोल."

तो गट तिथेच संपला.

शेवटी मला सापडला एच-चार. जुनी गाडी, उघडी, लहान इंजिनाची, साध्या टायरांवरची. सगळं जुळलं! अट एकच, ठरल्यापेक्षा वजन कमी नको.

पण जगनने मला न विचारता आधीच गाडी हलकी केलेली. स्टेपनी काढून विकली, हॉर्न काढला, बाजूची सीट काढली. स्वतः चार दिवस पेजेवर. मुरबाडला विटांचे ट्रक तोलतात त्या काट्यावर आम्ही गाडी चढवली, तर काटेवाला खिडकीतून ओरडला, "चढवा की लवकर!"

चढवलेलीच होती. वीस किलो कमी भरली.

सीट परत लावावी, तर बारकूने तिला लोखंडी पाय वेल्ड करून बापाला खुर्ची करून दिलेली. म्हातारा उठायला तयार नाही! मग बारकूनेच नंदाचा मसाला वाटायचा पाटा उचलला, दोन पट्ट्या आणि चार बोल्ट मारून सीटच्या जागी पक्का बसवला.

नंदा म्हणाली, "वरवंटा माज्याकडं ऱ्हाऊ दे. कुनाच्या तरी टाळक्यात घालायला लागंल."

रेसच्या दिवशी गाडी तपासणारा साहेब त्या पाट्यापाशी थबकला. "ये क्या है?"

"वजन," मी म्हटलं.

त्याने हलवून बघितलं. हलेना. "इसके साथ वो गोलवाला भी आता है ना?"

"येतो. पण सुटी वस्तू गाडीत चालत नाही. तुमच्याच पुस्तकात लिहिलंय."

साहेबाने सही केली.

तिथे सगळे गट एकदमच सोडतात, निकाल मात्र गटागटाचा लागतो. मोठ्या गाड्या मागून आल्या की आमचा जगन उघड्या गाडीतून हात बाहेर काढून "जा, जा" करायचा, मुरबाडच्या रस्त्यावर टेम्पोला साइड देतात तसा. एकूण एक गाडीला त्याने साइड दिली. पण थांबला नाही. सगळे फेरे पुरे केले.

निकालाचा कागद भिंतीवर लागला. भिंग माझ्याकडे, म्हणून वाचायला मीच पुढे. एच-चार. पहिला, जगन!

यंदाही टेम्पो करून आलेले गाववाले धावले. गोणी फुटली. नाना गाडीच्या बॉनेटला कुंकू लावायला लागले. नंदा तेवढी गर्दीतून वाट काढत माझ्याजवळ आली.

"आत्या, पयले कोन?"

"जगन."

"अन् शेवटचे कोन?"

मी परत कागदावर भिंग धरलं. एच-चारखाली जगनचं नाव, आणि त्याच्याखाली थेट पुढचा गट. दुसरी गाडीच नव्हती.

"आत्या, मी काय इचारते? शेवटचे कोन?"

जगन गुलालातून माझ्याकडे बघत होता. नुसते दोन डोळे. मान हळूच नाही-नाही हलवत होता. पण जे वाचायला मी एवढे कष्ट घेतले, ते खोटं वाचायचं?

म्हटलं, "जगन."

दोन दिवसांनी त्यांच्या घरी गेले. शेडच्या मधोमध, टेपने मोजून घातलेला कारवीच्या काठ्यांचा कूड. अलीकडे लाल गाडी, मागचं चाक बाहेर उन्हात. पलीकडे सहा शेळ्या. आणि एच-चारचा करंडक कुडाच्या वर, दोन्हीकडून दिसेल असा.