जिचा कुणाशीच संबंध नव्हता
कॉम्प्युटर सायन्सचं पहिलं वर्ष. नगरच्या कॉलेजात डिस्क्रीट मॅथ्स शिकवणाऱ्या सरांनी भर तासाला दोन असाइनमेंट वर धरल्या. एक माझी, दुसरी वर्गात पहिल्या येणाऱ्या मुलाची. मूळ संख्या कधीच संपत नाहीत, हे सिद्ध करायचं होतं.

"अक्षरन् अक्षर सारखं," सर म्हणाले. "आता कुणी कुणाचं उतरवलं, हे सांगायला पोलीस बोलवायला नको."

वर्ग हसला. मी उभी राहिले. असाइनमेंट द्यायच्या आदल्या दिवशी लायब्ररीत त्या मुलाने "जरा बघायला दे ना" म्हणत माझी पानं मागून घेतली होती. मी ते सांगायला गेले आणि घाबरल्यामुळे घरची भाषा तोंडात आली. "सर, मी न्हाई उतरवलं. त्यानंच माझं नेलं हुतं."

"नेलं हुतं?" सरांनी माझाच हेल काढला. "व्हय का? लई वाईट झालं!"

आता बाकंसुद्धा हसत असल्यासारखी वाटली. तो मुलगा खिडकीबाहेर बघत राहिला. मला शून्य मिळालं, त्याला पैकीच्या पैकी.

'जर-तर'चं वाक्य उलटं फिरवता येत नाही, हे याच सरांनी आठवडाभर आधी शिकवलं होतं. नक्कल केली तर उत्तरं जुळतात, हे खरं. पण उत्तरं जुळली म्हणून मीच नक्कल केली, हे कुठून आलं? तर मी राहात्याकडची, मराठी माध्यमाची, बाप पेरूच्या बागेत राबणारा. सरांचा पुरावा एवढाच.

त्या दिवसापासून माझ्याबरोबर कुणी डबा खाईना. कॉपी करणारीजवळ कोण बसणार? मुली गोल करून बसायच्या आणि मी लॅबमागच्या जिन्यावर. भाकरी चावता चावता पुस्तक उघडायचं. सर जे शिकवत ते मी खोलीवर येऊन मोडून बघत असे, कुठे पोकळ आहे ते शोधत असे. विषयाची आवड वगैरे नंतर लागली. तेव्हा मला फक्त त्या दोघांना खाली बघायला लावायचं होतं.

संधी 'रिलेशन्स'च्या धड्यात आली. एखादा संबंध दोन्हीकडून लागू असेल तर तो सिमेट्रिक. पहिल्याचा दुसऱ्याशी आणि दुसऱ्याचा तिसऱ्याशी असला की पहिल्याचा तिसऱ्याशीही होत असेल, तर ट्रान्झिटिव्ह. आणि प्रत्येकाचा स्वतःशी असेल तर रिफ्लेक्झिव्ह. असाइनमेंटचा प्रश्न होता: पहिल्या दोन गोष्टी असतील तर तिसरी असतेच का? सिद्ध करा किंवा खोडून काढा.

संध्याकाळी त्या मुलाचा मेसेज आला. 'झालं का गं? फोटो पाठव ना. मागचं मनात ठेवू नकोस.'

मनात ठेवू नकोस! मी बसले आणि सुंदर अक्षरात एक सिद्धता लिहिली. क्षचा यशी संबंध आहे, म्हणून यचा क्षशी आहे. क्षवरून य, यवरून परत क्ष. म्हणजे क्षचा स्वतःशी संबंध आला. सिद्ध झालं. दिसायला अशी गोंडस, की कुणाचीही नजर घसरून पुढे जावी. फोटो काढला, पाठवला. मग ते पान फाडून टाकलं आणि खरं उत्तर नव्या पानावर लिहिलं: नाही, असतेच असं नाही.

पुढच्या आठवड्यात पेपर परत मिळाले. माझ्या उत्तरावर लाल फुली होती. आणि सरांनी त्या मुलाला फळ्याजवळ बोलावलं. "ये, सगळ्यांना दाखव कसं करायचं ते."

त्याने माझी सिद्धता फळ्यावर उतरवली. सर म्हणाले, "वा!"

मी हात वर केला. "सर, आपल्या वर्गातली मुलं घ्या. दोघं एकाच घोळक्यात डबा खात असतील, तर त्यांचा संबंध आहे म्हणू. हा सिमेट्रिक आहे?"

"आहे."

"कुणीही एकापेक्षा जास्त घोळक्यांत बसत नाही. मग ट्रान्झिटिव्ह?"

"तोही आहे. पुढे?"

"मी कुठल्याच घोळक्यात नाही. मी क्ष. माझ्यासाठी य कुठून आणायचा?"

सर फळ्याकडे वळले. खडू हातात तसाच. वर्गात कुणी हसलं नाही. मुली एकमेकींकडे बघेनात.

"यच नसेल तर ही सिद्धता सुरूच होत नाही, सर," मी म्हणाले. "चूक आहे ती. मला माहीत आहे, कारण मीच लिहिली." आणि मोबाईलवरचा त्याचा मेसेज मोठ्याने वाचून दाखवला.

त्या मुलाचं तोंड पांढरं पडलं. तो जागेवर न जाता सरळ दाराबाहेर गेला. मला फार बरं वाटलं.

सरांनी फुली खोडून मार्क दिले. मी विचारलं, "आणि पहिल्या असाइनमेंटचे?"

"ते मार्क वर ऑफिसला गेले आता. काही करता येत नाही."

ठीक. मग सेमिस्टर संपेपर्यंत मी त्यांना एकही चूक पचू दिली नाही. फळ्यावर एखादं चिन्ह उलटं पडलं की माझा हात वर. शेवटी शेवटी ते ओळ लिहायच्या आधी माझ्या बाकाकडे बघायला लागले. माझी नक्कल त्यांनी परत कधी केली नाही.

परीक्षेच्या तोंडावर तो मुलगा जिन्यावर आला. डोळे खाली. "ग्राफ थिअरी अजिबात कळत नाही. खरंच शिकव. सॉरी म्हणतो."

"वर्गात म्हणशील? सगळ्यांसमोर?"

त्याने वर्गाच्या दिशेने बघितलं आणि बॅग खांद्यावर घेतली.

"मग जा," मी म्हणाले.

त्याचा विषय राहिला. मी वर्गात पहिली आले. सुट्टीत घरी वडील क्रेटमध्ये पेरू भरत होते, त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी हात थांबवला. "पोरी, जिंकलीस ना? त्या पोराला शिकवायचं हुतंस. आता इसरून जा."

"न्हाई इसरणार," मी म्हणाले.

ते परत क्रेट भरायला लागले. मीही खाली बसले आणि पिकलेले पेरू बाजूला काढायला लागले.